मानेवरचे केस

चित्रात आता फक्त कुत्र्याच्या डोळ्यातला उजेडाचा ठिपका पांढरा उरला होता. तेवढा कागद तिने पहिल्यापासूनच कोरा सोडला होता. तिने रंगीत पेन्सिल खाली ठेवली आणि वडिलांना हाक मारली.

ते चष्मा पुसत आले. खुर्चीमागे उभे राहून बराच वेळ बघत राहिले. नाक अगदी भामट्याचंच आहे म्हणाले, आता फक्त वास यायचा बाकी आहे. भामट्या टेबलाखाली झोपला होता. नाव ऐकून त्याने एक कान उचलला आणि सोडून दिला.

मग वडिलांनी शेजारी टेकवलेला फोटो हातात घेतला. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा चित्राकडे.

"तुझ्या आईचा हात कुठाय?"

फोटोत कुत्र्याच्या मानेवर आईचा हात होता, मनगटापर्यंतच. बाकीची आई चौकटीबाहेर राहिली होती. आई गेल्यावर वडिलांनी सगळे फोटो चाळून हाच निवडला होता, आणि चित्र खऱ्या मापाचं हवं म्हणाले होते. कुत्र्याचे याहून चांगले फोटो पुष्कळ होते. का हाच, असं तिने विचारलं नव्हतं. हल्ली ती सांगितलेलं काम करत होती, एवढंच.

हात गाळायचाच असतो, तिने सांगितलं. चित्र काढून घ्यायला लोक जे फोटो पाठवतात ते कुत्र्याला धरूनच काढलेले असतात. हात, पट्टा, सोफा सगळं वगळायचं आणि त्या जागी केस भरायचे. बोलताना तिचा आवाज फोनवर कामाची माहिती देताना असतो तसा होता.

"मी गिऱ्हाईक आहे का गं?"

आता हात घालता येईल का, त्यांनी विचारलं. येणार नव्हता. थरावर थर चढून कागद मेणासारखा गुळगुळीत झाला होता. खोडायला गेलं तर फाटला असता.

वडील खाली वाकले. "मग हे काय आहे?"

मानेवरचे केस कानापासून सरळ खाली उतरत होते आणि एका जागेभोवती दबून बाजूला वळले होते. हाताच्या जागचे केस तिने मनाने भरले होते; भोवतालचे मात्र फोटोत दिसले तसे, एकेक करून उतरवले होते. ते कशाने दबलेत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चुकलंय," ती म्हणाली. "वर काही नसताना केस असे दबत नाहीत. सारखे करते." तिने तपकिरी पेन्सिल उचलली.

"राहू दे."

हात लावू का, त्यांनी विचारलं. रंगवलेल्या कागदाला ती कुणाला बोट लावू देत नसे. काम करताना स्वतःच्या हाताखालीसुद्धा एक कोरा कागद घेत असे. तो तिने बाजूला ओढला.

वडिलांनी तळवा पँटला पुसला आणि त्या जागेवर ठेवला. तो तिथे मावेना. त्यांनी बोटं जवळ घेतली, हात जरा तिरका केला. तरी अंगठा बाहेर राहिला.