अकराचा फोन

“लघवीचा रंग?” सिस्टरने फोनवर विचारलं.

“नेहमीसारखा,” लिफ्टवाले काका म्हणाले. ही चक्क थाप होती. आठवडाभर तो कोऱ्या चहासारखा होता.

काकांच्या यकृतावर चरबी साठली होती. हॉस्पिटलात एका मुळीच्या कॅप्सूलची चाचणी चालू होती, त्यात त्यांनी नाव दिलं. झाडपाल्याला कसला आलाय अपाय, असं सगळं जग म्हणतं. ते खरं का, हेच हॉस्पिटलला पाहायचं होतं. नियम साधे होते. तक्रार नसेल तर महिन्याला एक फोन. बारीकसारीक तक्रार असेल तर रोज सकाळी अकराला. मोठी असेल तर कॅप्सूल बंद, नाव यादीतून कट, पुढचं डॉक्टर बघणार.

दुसऱ्या महिन्यात काकांच्या अंगाला खाज सुटली आणि रोज फोन येऊ लागला. बायको गेल्यापासून त्यांचा फोन वाजलाच तर राँग नंबर असायचा. आता काका दहालाच दाढी करून फोनपाशी बसायचे. ती खाज त्यांनी जिवापाड जपली. कितीही वाढली तरी “थोडीशीच आहे” म्हणायचे. रोग परवडला पण औषध नको, असं लोक म्हणतात. काकांना दोन्ही परवडत होतं, अकरा वाजताची शांतता तेवढी परवडत नव्हती.

चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. आत अडकलेल्यांना त्यांचं एकच सांगणं असायचं, लाजू नका, घंटा दाबा. आता स्वतः अडकले होते आणि बोट पुढे होत नव्हतं.

“काका, जरा आरशात बघून सांगा. डोळे कसे आहेत?”

काका आरशापाशी गेले. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळाधमक झाला होता. पण खरं सांगितलं, तर उद्या अकरा वाजतील आणि फोन वाजणार नाही.

“पांढरेशुभ्र,” ते म्हणाले.

“परवा चाचणीसाठी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट आज सकाळी आलाय, काका. आजपासून कॅप्सूल घ्यायची नाही. गाडी पाठवलीय, तयार राहा. तुमचं नाव तासाभरापूर्वी मीच यादीतून काढलं.”

“मग हा फोन?”

“हा यादीतला नाही. आता खरं सांगा, डोळे कसे आहेत?”