संपूर्ण कीर्तन

पूर्वरंग आटोपून विश्वेश्वरबुवा मध्यंतराचा हार घालून घ्यायला वाकले आणि उभ्या जागी गेले. उत्तररंग, म्हणजे आख्यानाचा भाग, राहूनच गेला. त्या अर्ध्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग बेळ्ळंदूरला राहणाऱ्या त्यांच्या शिष्यानं, श्रीवत्सनं, वेबसाइटवर ठेवलं. पण सर्च केलं की गुरूचं नाव चौथ्या पानावर, हे काही त्याला बघवेना. चार देवळांच्या साइटवर आपल्या पानाची लिंक लावून घेतली, तरी नाव वर सरकेना. लोक 'संपूर्ण कीर्तन उत्तररंगासह' असं शोधतात हे कळल्यावर त्यानं गुपचूप तेच शब्द पानावर घातले. आठवड्यात साइट पहिली आली.

सकाळीच बुवांच्या पत्नीचा, अनुसूयाअक्कांचा फोन आला.

"वेबसाइटवर ह्यांचा उत्तररंग ऐकला रे. आवाज काय लागलाय."

"अक्का, उत्तररंग झालाच नव्हता."

"मग तासभर मी काय ऐकलं? एका शिष्याचं आख्यान लावलं होतं. गुरूचं नाव वर यावं म्हणून बिचारा खोटं लिहितो."

"बुवा रागावले त्याच्यावर?"

"छे रे, ह्यांना कुठलं रागावता येतंय. शेवटी त्याला आपल्याजवळच बोलावून घेतलं."