शेगाव स्टेशनावरचं जंगल

माझी बायको कोकिळा गेली आणि महिन्याभरात सून राखी तिचा जुना मिक्सर भंगारात द्यायला निघाली. म्हणाली, "बाबा, कितीबी घासा, झाकणाच्या रबराले अजून आईच्या ठेच्याचा वास येते."

"राहू दे वं. मले खेळण्यातल्या रेल्वेसाठी झाडं बनवाची हायेत," मी म्हणालो.

तेव्हापासून रोज जुन्या गादीचा फोम हिरवा रंगवतो, वाळवतो, मिक्सरमध्ये बारीक करतो आणि काड्यांवर चिकटवतो. थर्माकोलचं शेगाव स्टेशन झाडांखाली पार झाकून गेलं.

काल राखी वैतागली. "बाबा, एवढ्या जंगलातून तुमची गाडी जाईन कुठून?"

"काढू वाट," म्हणत मी मिक्सरचं झाकण उघडून नाकाशी धरलं.



गाडी मी अजून घेतलेलीच नाही.