नाक्यावरचे बोट

प्रिय वाचकहो, एका साध्या मजुराच्या हाती पेटवायची बाटली कशी येते, हे मी प्रस्तुत कथेत यथाशक्ती कथन करणार आहे. आपण तीत द्वेष शोधाल. परंतु तो फार उशिरा येतो.

दिनेशच्या हातात कापडी पिशवी होती व तीत पेट्रोलच्या बाटल्या होत्या. समोरच्या गल्लीत परधर्मातील एका शिंप्याचे दुकान होते. शिंपी आत मशीन चालवीत होता. त्याने दिनेशचे काहीही बिघडवले नव्हते.

पेठ तालुक्याकडील डोंगरात दिनेशची आई भागीबाई राहत असे. सांज झाली की ती खळ्याच्या कडेला उभी राहून 'दिन्याऽऽ' अशी लांब हाक मारी. ती हाक ओहळ ओलांडून त्याच्यापर्यंत येई. नाशिकला आल्यापासून त्याला नावाने कोणी हाक मारली नव्हती. सकाळी पंचवटीत, नाक्यावर मजूर उभे राहत. द्राक्षबागेचा मुकादम गाडीतूनच बोट दाखवी. तू, तू आणि तू. ज्याच्याकडे बोट वळे, तो गाडीत चढे. हंगाम सरला, दुसरा आला, तरी नाव कोणी विचारले नाही. सांज झाली की दिनेशचे कान मात्र अजून उगाच टवकारत.

महेशने विचारले. महेश एका मंडळाचा पुढारी होता. त्याने चहा पाजला, नाव ध्यानात ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडून हाक दिली, "ओ दिनेशभाऊ, मुंडावळ्या बांधून कोणाची वाट बघताय?" सगळे हसले. सर्वांत जास्त दिनेश हसला.

तदनंतर तो रोज मंडळात जाऊ लागला. तेथे शत्रूंविषयी भाषणे होत. त्याला त्यातले थोडेच कळे. परंतु मध्येच कोणी विचारी, "खरं ना, दिनेशभाऊ?" तो हो म्हणे. असे हो म्हणता म्हणता द्वेषही त्याचा झाला.

आज महेश घाईत होता. मोटारसायकलवरून न उतरताच त्याने बोट दाखवले.

"तू, तू आणि तू. व्हा पुढे."

दिनेशने ते बोट ओळखले. तो हळूच म्हणाला, "महेशभाऊ, माझं नाव घ्या ना."

"आता कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. पकडला गेलास तर आम्ही तुला ओळखत नाही."

बाकीचे दोघे मागे रेंगाळले. दिनेश एकटाच दुकानाच्या दारात पोहोचला. शिंप्याने मशीन थांबवले. पिशवीत शिवायचे कापड असेल, असे त्याला वाटले. त्याने नेहमीप्रमाणे कानामागचा खडू काढला.

"या दादा. कापडावर नाव काय टाकू?"

दिनेश खाली बसला, आणि सगळ्यांच्या देखत त्याने एकेक बाटली दारासमोरच्या गटारात ओतली. शिंपी खडू हातात धरून तसाच थांबला होता.

दिनेशने त्याला आपले नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट.

वाचकहो, आपण येथवर वाचलेत, मी आपला ऋणी आहे. माझे नाव विसरलात तरी चालेल.

आपला नम्र,
सावळीराम भोये