लाल चौकट

वॉर्डातल्या कीबोर्डवर एंटरची कळ मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती. बाकीच्या कळांवरची अक्षरं अजून ठळक होती. ताईंनी त्या कळेवरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला.

ताई म्हणजे इथल्या फार्मसीच्या प्रमुख. डॉक्टरांनी औषध कॉम्प्युटरवर लिहायचं, त्यात धोका असला तर पडद्यावर लाल चौकट उघडायची, ती वाचून डॉक्टरांनी ठरवायचं, अशी व्यवस्था होती. ती बसवली ताईंनीच.

“ताई, चौकट कुणी बंद केली त्या नोंदीचा कागद मिळाला का?” शिकाऊ डॉक्टरने मागून विचारलं. तिने दोन दिवस केसही नीट विंचरले नसावेत.

“सिस्टीम मंद चाललीय.”

“सोमवारपासून?” ती कसनुसं हसली. “तुम्ही मला सांभाळून घेताय, कळतंय मला. पण देऊन टाका आता. माझ्याच बोटाने दाबलं असणार. दिवसाला चाळीस चौकटी यायच्या, वाचत कोण बसतंय? आली की एंटर.”

ताईंनी तिच्या नजरेला नजर दिली नाही. कागद सोमवारपासून त्यांच्या कोटाच्या खिशात होता, चार घड्या घातलेला.

सात नंबरच्या खाटेवर शिंपीकाका उशीला टेकून बसले होते. त्यांची मूत्रपिंडं आधीच थकलेली. त्यात या मुलीने लिहिलेली दोन इंजेक्शनं, एक संसर्गावरचं आणि एक लघवी सुटण्याचं, एकत्र दिली तर कानांना घातक, बरोबरच चालू झाली. ताप उतरला, पण चौथ्या दिवशी ऐकू येणं गेलं. ते परत येणार नव्हतं. काकू आता वहीत मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्याशी बोलत.

“पोरी, जेवलीस का?” काकूंनी विचारलं. शिकाऊ डॉक्टर नुसती मान हलवून बाहेर गेली.

“तिच्यावर तोंडसुख घ्यावं म्हणते,” काकू ताईंना म्हणाल्या, “तर रोज येऊन पायाशी उभी राहते. काय बोलणार? चाळीस वर्षं मी यांना हाक मारायची आणि यांनी सांगायचं, मशीनच्या आवाजात ऐकूच आलं नाही. सोंग हो नुसतं. आता तेवढंही उरलं नाही.”

समोर खुर्ची रिकामी होती. ताई उभ्याच राहिल्या.

चार वाजता चौकशीची बैठक भरली. काकूंनाही बोलावलं होतं.

“ताईंचं यंत्र आणि माझी बायको,” विभागाचे मोठे डॉक्टर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “दोघींना मी न ऐकताच हो म्हणत आलोय. हल्ली यंत्र तरी जरा गप्प असतं म्हणा.”

दोघे-तिघे हसले. मग कुणाचं तरी लक्ष काकूंकडे गेलं आणि सगळे आपापल्या कागदांत पाहू लागले.

शिकाऊ डॉक्टरने लिहून आणलेलं पत्र वाचलं. इशारा आला होता, तो मी न वाचता बंद केला, चूक सर्वस्वी माझी. आवाज एकदाच अडखळला, काकूंकडे पाहिलं तेव्हा.

“कबूल केलंस ते बरं केलंस,” मोठे डॉक्टर म्हणाले. “पण प्रशिक्षणातून नाव कमी करावं लागेल. पुन्हा कुठे घेतील असं वाटत नाही मला. ताई, तुमचा कागद जोडा म्हणजे मी सही करतो. तुम्ही फार मायाळू आहात, पण आता पुरे.”

“माया नव्हती ती,” ताई म्हणाल्या.

त्यांनी कागद काढून एकेक घडी उलगडली. मोठ्या डॉक्टरांनी हात पुढे केला होता. ताईंनी कागद काकूंसमोर सरकवला. त्यावर दोन औषधांची नावं होती, वेळ होती आणि खालची इशाऱ्याच्या नोंदीची सगळी जागा कोरी होती.

“हिने काहीच दाबलं नाही. चौकट उघडलीच नव्हती,” ताई म्हणाल्या. “फार इशारे येतात म्हणून दीड महिन्यापूर्वी त्यातले काही काढून टाकले, त्यात हा होता. तो मी काढला, काकू.”