एक्कावन्न सेकंद

समताच्या बाबांनी हॉलंडमधले शेवटचे आठ महिने चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत काढले. बाग समोरच होती, पण मधल्या रस्त्यावरचा हिरवा दिवा नऊ सेकंदांत लाल व्हायचा. "तुमच्या गावाला म्हाताऱ्यांची फार घाई दिसते," ते हसून म्हणायचे. पुढे गेलेली समता पलीकडून ओरडायची, "बाबा, उचला की पाय!" मग त्यांनी खाली उतरणंच सोडलं.

खेमेंटेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, तिने तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं ते बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी. सेन्सर बसवला आहे. हळू चालणारा माणूस पलीकडे पोचेपर्यंत दिवा आता हिरवाच राहील.

रविवारी दुपारी ती नवऱ्याबरोबर खाली गेली. अश्वजित रस्त्याच्या अलीकडेच थांबला. तिने बटण दाबलं, दिवा हिरवा होऊन टिकटिक सुरू झाली आणि ती झपझप बागेच्या बाजूला पोचली.

टिकटिक थांबली नाही.

पांढऱ्या पट्ट्यांवर कुणी नव्हतं. दोन्हीकडे गाड्या खोळंबल्या होत्या.

"अगं, बिघडलंय ते!" अश्वजित ओरडला. "ये परत!"

वीस सेकंद झाले. तीस झाले. पहिल्या गाडीतल्या बाईने वैतागून गाडी पुढे घेतली, तशी समता किंचाळली, "थांबा!" गाडी जागीच थबकली. समताने रिकाम्या पट्ट्यांकडे हात पुढे केला. या वेळी तिने घाई केली नाही.

एक्कावन्नाव्या सेकंदाला टिकटिक थांबली. दिवा लाल झाला, गाड्या सुटल्या.

ती हात खाली घेऊ लागली. तो खाली येईना. त्याला धरून कुणीतरी दम खात होतं.