ओसाका, चाळीस मिनिटं

सकाळी आई गेली, तेव्हा नंदिताने पहिला फोन ओसाकाला, धाकट्या भावाला केला. "ताई, मी आलोच," हेरंब म्हणाला. नव्या वेगवान विमानांमुळे ओसाका आता कोल्हापूरहून चाळीस मिनिटांवर आलं होतं आणि तासातासाला विमान सुटत होतं. पण उन्हं अंगणभर पसरली तरी त्याचा पत्ता नव्हता. नंदिता नुसती आतबाहेर करत होती.

"पूर्वी परदेशातल्यांसाठी कोणी थांबत नसे," मामा पुटपुटले. "आता चाळीस मिनिटंसुद्धा जड झाली?"

तिने पुन्हा फोन लावला.

"विमानतळावरच आहे गं," हेरंब म्हणाला. "तीन विमानं सोडली. दारापर्यंत जातो आणि परत येऊन बसतो. इथे आहे तोवर आई आहे, असं वाटतं. तिथे उतरलो की संपलं. पूर्वी निदान रात्रभर विमानात रडता तरी यायचं."

तिला आधी रागच आला. मग तिने पायात चपला सरकवल्या.

"मामा, आईपाशी बसा. मी हेरंबला घेऊन येते."

"ओसाकाहून?"

"हो."

तिथल्या विमानतळावर तो एका कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. ती शेजारी टेकली. कोल्हापूरच्या विमानाची घोषणा झाली, तसा तो धडपडत उठू लागला. नंदिताने हात धरून त्याला खाली बसवलं.

"हे जाऊ दे," ती म्हणाली. "आधी रडून घे."

काचेपलीकडे विमान उडालं. आणि सकाळपासून डोळ्यांतून टिपूसही न काढलेली नंदिताच आधी हुंदके देऊ लागली.